बी.कॉम.चं पहिलं वर्ष: कोणत्या पेपरात किती दम आहे

कॉमर्सला प्रवेश घेताना कटऑफ बघितला जातो, कॉलेजचं नाव बघितलं जातं, स्टेशनपासूनचं अंतर मोजलं जातं. पहिल्या वर्षात नेमकं काय शिकवणार, तो कागद मात्र सहसा कुणी उघडत नाही. हे परीक्षण त्या कागदाचं आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला २०१६-१७ पासून लागू झालेला आराखडा आम्ही समोर ठेवला आहे. दर सेमिस्टरला सात पेपर, एकूण २० क्रेडिट (पेपराचं वजन मोजायचे गुण). अकाउंट्स, कॉमर्स, बिझनेस इकॉनॉमिक्स, बिझनेस कम्युनिकेशन, पर्यावरण अभ्यास आणि मॅथ्स-स्टॅट्स प्रत्येकी ३ क्रेडिटचे, फाउंडेशन कोर्स २ क्रेडिटचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत मांडणी बदलली. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली असे नवे कप्पे आले, पेपरांची नावं आणि क्रेडिट हलले. म्हणून आपल्या कॉलेजचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवूनच पुढचं वाचावं. घटकांचा क्रम वेगळा दिसेल, हिशेबाची रीत तीच आहे.

मत आधीच सांगतो. अकाउंट्स आणि मॅथ्स हे दोन पेपर अख्ख्या वर्षाची फी वसूल करून देतात. इकॉनॉमिक्स मुळात उत्तम आहे, पण आकृत्या पाठ करण्यात त्याचा जीव जातो. कम्युनिकेशनमध्ये एक घटक अतिशय उपयोगी आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. बाकीचे पेपर वाचून पास होण्याचे. या वर्षातली मोठी उणीव मात्र कुठल्या एका पेपरातली नाही. "टक्के कशावर काढायचे?" हा एकच प्रश्न अकाउंट्समध्ये, मॅथ्समध्ये, इकॉनॉमिक्समध्ये वेगवेगळे कपडे घालून येतो आणि तो तिन्हीकडे एकच आहे, हे अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नाही. मुलं तीन वेगळी सूत्रं पाठ करतात आणि तिन्हीकडे तीच चूक करतात.

अकाउंट्सपासून सुरुवात करू. पहिल्या सेमिस्टरला चार घटक: लेखामानकं आणि साठ्याचं मूल्यांकन, उत्पादक व्यवसायाची अंतिम खाती, विभागीय खाती, भाडेखरेदी. दुसऱ्याला अपूर्ण नोंदी, कन्साइनमेंट, शाखा खाती आणि आगविम्याचे दावे. प्रत्येक घटकाला १५ तास धरले आहेत. कागदावर ते पुरेसे वाटतात. बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म घेऊन आलेल्याला पुरतातही. सायन्समधून आलेल्याला पहिला महिना जड जातो, कारण इथे कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (त्या नोंदी खात्यांत लिहिणं), तेरीज (सगळ्या शिलकांचा तक्ता) येते असं गृहीत धरून थेट मानकांवर उडी मारली आहे. अशा मुलांनी जूनमध्येच बालभारतीचं अकरावीचं पुस्तक आणून निदान रोजकीर्द ते अंतिम खाती एवढा भाग हाताने सोडवावा. तीन आठवडे पुरतात. क्लास लावण्याआधी हे करावं, कारण क्लासही तिथूनच सुरू करत नाहीत.

मानकं, म्हणजे हिशेब लिहिण्याचे ठरलेले नियम (अकाउंटिंग स्टँडर्ड, एएस), तीन आहेत: एएस १, एएस २ आणि एएस ९. पहिलं लेखाधोरणं जाहीर करण्याचं, दुसरं साठ्याचं, तिसरं उत्पन्न कधी झालं असं मानायचं त्याचं. पहिलं आणि तिसरं बहुतेक जण व्याख्या पाठ करून मारून नेतात. एएस ९ मध्ये खरा मुद्दा छोटा आहे. माल विकला हे केव्हा म्हणायचं, तर मालकीची जोखीम आणि फायदा गिऱ्हाइकाकडे गेला आणि पैसे मिळतील याची वाजवी खात्री असली की. पसंत पडला तर ठेवा, अशा बोलीवर पाठवलेला माल विक्रीत धरला की पुढची सगळी खाती वाकडी होतात. एवढं कळलं तर तीन पानं पाठ करावी लागत नाहीत.

एएस २ हा या घटकाचा गाभा. साठा लागत (माल आपल्याला पडला ती किंमत) किंवा निव्वळ वसूल होऊ शकणारी किंमत, यांतल्या कमी रकमेला दाखवायचा, आणि लागत काढायची फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) किंवा भारित सरासरीने (नगांच्या संख्येचं वजन देऊन). आकड्यांत बघू. १ एप्रिलला १०० नग, प्रत्येकी ५० रुपये. १० एप्रिलला २०० नग ५६ रुपयांनी घेतले. १८ एप्रिलला १८० नग ८० रुपयांनी विकले. २५ एप्रिलला आणखी १०० नग ६० रुपयांनी आले. अखेर शिल्लक २२० नग. फिफोने विकलेल्या १८० नगांत आधीचे १०० गेले आणि ५६ वाल्यांतले ८० गेले. उरले ५६ चे १२० आणि ६० चे १००, म्हणजे ६,७२० अधिक ६,०००, एकूण १२,७२०. भारित सरासरीने १० एप्रिलला ३०० नगांची एकूण लागत १६,२००, दर ५४. विक्रीनंतर उरलेले १२० नग ६,४८०, त्यात ६,००० मिळवून १२,४८०. दोन्हींत २४० रुपयांचा फरक, आणि ढोबळ नफ्यातही बरोबर २४० चाच: फिफोने ४,९२०, सरासरीने ४,६८०. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पैसे तेच आले. तरीही नफा वेगळा. पहिल्या वर्षाने मुलाला दुसरं काही नाही आणि एवढंच शिकवलं, तरी चालेल.

या गणितात चुका दोनच होतात, पण सारख्या होतात. पहिली, साठा नोंदवहीच्या विक्रीच्या रकान्यात ८० रुपये लिहिणं. साठ्याची वही लागतीची असते, तिथे विक्रीची किंमत येतच नाही. प्रश्नात ती दिलेली असते ती नफा काढायला किंवा नुसतीच चकवायला. दुसरी चूक म्हणजे ५० आणि ५६ ची सरासरी ५३ काढणं. १०० नगांना आणि २०० नगांना सारखं वजन दिलं की १२० नगांचे ६,३६० येतात, आणि उत्तर १२० रुपयांनी चुकतं. ही सरासरीची चूक लक्षात ठेवा, मॅथ्समध्ये ती परत भेटणार आहे.

विभागीय खात्यांत मार्क सोपे आहेत, पण वाटपाचा पाया ठाऊक हवा. भाडं जागेच्या क्षेत्रफळावर, दिवाबत्ती दिव्यांच्या संख्येवर किंवा युनिटवर, माल आणण्याचं भाडं खरेदीवर, जाहिरात आणि विक्रीचं कमिशन विक्रीवर, कँटीनचा खर्च माणसांच्या संख्येवर. दिलेली सूट विक्रीवर, मिळालेली सूट खरेदीवर. इथपर्यंत सगळे पोचतात. अडतात ते एका विभागाने दुसऱ्याला नफा लावून दिलेल्या मालावर. अ विभागाने लागतीवर २५ टक्के लावून ब ला माल दिला, आणि वर्षअखेर ब कडे त्यातला १०,००० रुपयांचा शिल्लक आहे. त्यातला न झालेला नफा किती? पेपरात निम्मी मुलं २,५०० लिहितात. बरोबर उत्तर २,०००. १०,००० ही लागत नाही, लागत अधिक नफा आहे, म्हणजे १२५ भाग. त्यातले २५ भाग नफा. टक्के लागतीवर सांगितले आणि रक्कम विक्रीची दिली, एवढाच सापळा.

हाच सापळा दुसऱ्या सेमिस्टरला आगविम्यात येतो, आणि तिथे तो महागात पडतो. आगीच्या दिवशी गोदामात किती माल होता, हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून मेमोरँडम ट्रेडिंग खातं, म्हणजे आगीच्या दिवसापर्यंतचं अंदाजी व्यापार खातं बनवून मागच्या दाराने ते काढायचं. सुरुवातीचा साठा १,००,०००, आगीपर्यंतची खरेदी ५,००,०००, विक्री ५,००,०००, नफा विक्रीच्या २० टक्के. विकलेल्या मालाची लागत ४,००,०००, म्हणून आगीच्या दिवशी साठा २,००,०००. त्यातला ८०,००० चा वाचला, तोटा १,२०,०००. पॉलिसी फक्त १,५०,००० ची. विमा साठ्यापेक्षा कमी असला की सरासरीचं कलम लागतं: तोटा गुणिले पॉलिसी भागिले आगीच्या दिवशीचा साठा. १,२०,००० चे तीन चतुर्थांश, म्हणजे दावा ९०,०००. आता प्रश्नात "लागतीवर २५ टक्के नफा" असं लिहिलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं, कारण लागतीवर २५ म्हणजेच विक्रीवर २०. पण जो २५ टक्के विक्रीवरच काढून बसतो त्याचा साठा २,२५,००० होतो, तोटा १,४५,००० होतो आणि दावा ९६,६६७ वर जातो. पुढची एकूणएक पायरी बरोबर असते, फक्त पाया हललेला असतो. दावा काढताना भाजकात तोटा टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. भाजकात साठाच येतो, कारण विमा अख्ख्या साठ्याचा घ्यायला हवा होता, त्यातल्या किती भागाचा घेतला हे तपासायचं असतं. हे कारण एकदा कळलं की सूत्र विसरायला होत नाही.

भाडेखरेदीबद्दल, म्हणजे हप्त्यांनी घेतलेल्या वस्तूबद्दल थोडं. यंत्राची रोख किंमत १,००,०००, सुरुवातीला २०,००० दिले, उरलेले ८०,००० दर वर्षी २०,००० प्रमाणे, शिवाय थकलेल्या रकमेवर १० टक्के व्याज. हप्ते २८,०००, २६,०००, २४,०००, २२,०००. एकूण दिले १,२०,०००, त्यातले २०,००० व्याज. घसारा, म्हणजे यंत्र झिजल्याबद्दल दर वर्षी धरायचा खर्च, १,००,००० वर धरायचा. तो १,२०,००० वर धरला की व्याज दोनदा खर्चात जातं, एकदा व्याज म्हणून आणि एकदा यंत्राच्या किमतीत मिसळून. व्याजाचा दर दिलेला नसेल तेव्हा एकूण व्याज थकबाकीच्या प्रमाणात वाटायचं असतं, आणि थकबाकी हप्त्यांच्या रकमेतली घ्यायची, रोख किमतीतली नाही.

कन्साइनमेंट आणि शाखा खाती यांबद्दल फार लिहीत नाही. कन्साइनमेंटमध्ये, म्हणजे दुसऱ्यामार्फत विकायला पाठवलेल्या मालात, शिल्लक मालाच्या किमतीत माल गोदामात पोचेपर्यंतचा खर्च येतो, त्यानंतरचा गोदामभाडं किंवा विक्रेत्याचा पगार येत नाही. हे एक वाक्य जमलं की अर्धा घटक जमला. अपूर्ण नोंदी मात्र मनापासून करावा असा घटक आहे. छोट्या दुकानदाराकडे प्रत्यक्षात जे कागद असतात, म्हणजे बँकेचं पासबुक, उधारीची वही, मालाची बिलं, त्यांतूनच अख्खी खाती उभी करायची असतात. हा सगळ्या वर्षातला सर्वांत खरा प्रश्न आहे.

अकाउंट्सच्या पेपराबद्दल दोन तक्रारी आहेत. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, अकरावीच्या पुस्तकात जीएसटीसह रोजकीर्द शिकवली जाते, आणि इथे बहुतेक गणितांत तो गायब होतो. १०,००० चा माल १८ टक्के जीएसटीने उधार घेतला, तर खरेदी १०,००० नावे, इनपुट सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९०० नावे, इनपुट एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९०० नावे, आणि पुरवठादार ११,८०० जमा. खरेदीला ११,८०० लावले तर परत मिळणारा कर खर्चात जाऊन नफा कमी दिसतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी लागणारी ही नोंद वर्षभर हातातून जात नाही. दुसरी तक्रार गाईडांची. त्यांत सोडवलेली उत्तरं असतात, वर्किंग नोट, म्हणजे आकड्यामागची आकडेमोड, नसते. आकडा कुठून आला ते कळत नाही, आणि पेपर तपासणाऱ्याला मार्क द्यायचे असतात ते वर्किंग नोटलाच. वहीत डाव्या पानावर वर्किंग नोट आणि उजव्या पानावर खातं, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

मॅथ्स-स्टॅट्सला घाबरून पुष्कळ मुलं वर्षाच्या सुरुवातीलाच हात टेकतात. खरं तर घटक बघितले तर हा रोजच्या पैशांचा पेपर आहे. पहिल्या सेमिस्टरला शेअर आणि म्युच्युअल फंड, क्रमचय-संचय आणि रेषीय नियोजन, मध्यमानं आणि विचलन, संभाव्यता, निर्णयसिद्धांत. दुसऱ्याला फलनं आणि विकलज, व्याज आणि अ‍ॅन्युइटी, सहसंबंध आणि प्रतिगमन, कालश्रेणी आणि निर्देशांक, संभाव्यतेची वितरणं.

एसआयपीचं, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याचं गणित घ्या. दरमहा १,००० रुपये, तीन महिन्यांचा एनएव्ही (एका युनिटचा भाव) २०, २५ आणि ४०. युनिट ५०, ४० आणि २५, एकूण ११५. ३,००० भागिले ११५, सरासरी खरेदी २६ रुपये ९ पैसे. एनएव्हीची साधी सरासरी मात्र २८ रुपये ३३ पैसे. स्वस्तात जास्त युनिट आली म्हणून भारित सरासरी खाली आली. साठ्यातल्या ५३ आणि ५४ ची गोष्ट हीच होती. ज्याला ती तिथे कळली त्याला इथे सूत्र लागत नाही. एक सूचना: जुन्या पुस्तकांत एंट्री लोडची, म्हणजे फंडात पैसे घालताना कापल्या जाणाऱ्या शुल्काची गणितं अजून दिसतात. सेबीने ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांवरचा एंट्री लोड बंद केला आहे. परीक्षेपुरतं सोडवा, प्रत्यक्षात आता फक्त एक्झिट लोड (पैसे काढतानाचं शुल्क) उरला आहे हे ध्यानात ठेवा.

व्याजाचा घटक आम्हाला या वर्षातला सर्वांत मोलाचा वाटतो. १,००,००० चं कर्ज, १२ टक्के, १२ मासिक हप्ते. घटत्या शिलकीवर हप्ता ८,८८५ रुपये बसतो, वर्षभरात व्याज साधारण ६,६१९. तेच "फ्लॅट १२ टक्के" म्हटलं तर १,१२,००० भागिले १२, हप्ता ९,३३३ आणि व्याज १२,०००. दर दोन्हीकडे बाराच सांगितला जातो, व्याज जवळजवळ दुप्पट होतं. फ्लॅटमध्ये अकरा हप्ते फेडून झाल्यावरही व्याज मूळ लाखावरच धरलेलं असतं. इथेही प्रश्न तोच: टक्के कशावर? उरलेल्या रकमेवर की सुरुवातीच्या? दुचाकीचं कर्ज घेताना, मोबाइल हप्त्याने घेताना हा प्रश्न विचारता आला तर पेपर कामी आला.

हे हाताने सोडवताना वेळ जातो, म्हणून कॅल्क्युलेटरची एक युक्ती. परीक्षेत साधाच चालत असला तरी बारा अंकी, जीटी (ग्रँड टोटल, सगळ्या उत्तरांची बेरीज) बटण असलेला घ्या. कॅसिओच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर १.०१ (वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का) दाबून भागाकाराचं बटण दोनदा दाबायचं, पडद्यावर के उमटतो. मग १ दाबून बरोबरचं बटण बारा वेळा दाबायचं आणि शेवटी जीटी. ११.२५५१ येतं, ही दरमहा १ रुपयाच्या बारा हप्त्यांची आजची किंमत. १,००,००० ला त्याने भागलं की ८,८८५ हप्ता हाती. सुरू करण्याआधी एसी दाबून जीटी रिकामा केला नाही, तर आधीच्या गणिताचे आकडे त्यात मिसळतात आणि उत्तर भलतंच येतं. दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर बटणांचा क्रम वेगळा असतो, म्हणून यंत्र परीक्षेच्या आठवड्यात नवीन घेऊ नये.

बाकी घटकांत मार्क कुठे जातात ते थोडक्यात. रेषीय नियोजनात असमानतेची कोणती बाजू रंगवायची, हे मूळबिंदू घालून तपासत नाहीत, म्हणून अख्खा प्रदेश उलटा होतो. निर्णयसिद्धांतात पश्चात्तापाचा (हुकलेल्या फायद्याचा) तक्ता करताना प्रत्येक परिस्थितीतल्या सर्वोत्तम रकमेतून बाकीच्या वजा करायच्या असतात, मुलं प्रत्येक पर्यायातल्या सर्वोत्तम रकमेतून करतात. प्रतिगमनात दोन रेषा असतात. जाहिरातीच्या खर्चावरून विक्रीचा अंदाज हवा असेल तर विक्रीची जाहिरातीवरची रेषा घ्यायची, उलटी नाही.

बिझनेस इकॉनॉमिक्सचा पहिला पेपर मागणी, पुरवठा, उत्पादन आणि खर्च यांचा. मागणीची लवचिकता, म्हणजे भावातल्या टक्केवारी बदलाच्या मानाने खप किती टक्के बदलतो, हा त्यातला जिवंत भाग आहे, आणि तोच सगळ्यांत निर्जीव शिकवला जातो: पाच प्रकार, पाच आकृत्या. त्याऐवजी एक वडापावची गाडी घ्या. भाव १५ वरून १८ केला, रोजचा खप ४०० वरून ३४० झाला. भावात २० टक्के वाढ, खपात १५ टक्के घट, लवचिकता ०.७५. मागणी कमी लवचिक, म्हणून गल्ला ६,००० वरून ६,१२० वर गेला. आता उलट जा. भाव १८ वरून १५, खप ३४० वरून ४००. भावात १६.६७ टक्के घट, खपात १७.६५ टक्के वाढ, लवचिकता १.०६. त्याच दोन बिंदूंमध्ये मागणी जास्त लवचिक निघाली! पण गल्ला तर ६,१२० वरून ६,००० वर घसरला, म्हणजे ती लवचिक नव्हतीच. गोंधळ कशाने झाला? टक्के एकदा १५ वर काढले, एकदा १८ वर. मध्यबिंदूची पद्धत यासाठीच आहे: ६० भागिले ३७०, आणि ३ भागिले १६.५. जाताना आणि येताना दोन्हीकडे ०.८९. ही पद्धत पुस्तकात "आणखी एक पद्धत" म्हणून खाली छापलेली असते, तिची गरज का पडली ते कुठेच नसतं.

खर्चाच्या घटकात अकाउंट्सशी थेट सांधा आहे. एका किराणा दुकानाचा वहीतला नफा वर्षाला ६,००,०००. गाळा स्वतःचा आहे, भाड्याने दिला असता तर २,४०,००० आले असते. मालक दुसरीकडे नोकरीला असता तर ३,००,००० मिळाले असते. अर्थशास्त्राच्या भाषेत नफा फक्त ६०,०००. अकाउंट्सच्या वहीत हे दोन आकडे कधीच येत नाहीत, कारण तिथे न झालेला व्यवहार लिहायचा नसतो. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी हे एकच उदाहरण एकाच आठवड्यात घेतलं तर वर्गातल्या पोराला नफा या शब्दाचे दोन अर्थ आयुष्यभर लक्षात राहतील. आकृत्यांत एकच गोष्ट सांभाळा: भाव बदलला की त्याच रेषेवर सरकायचं, उत्पन्न किंवा आवड बदलली की अख्खी रेषा सरकते. शब्द जवळजवळ सारखे आहेत, मार्क वेगळे आहेत.

कम्युनिकेशनच्या पहिल्या सेमिस्टरला नोकरीचे अर्ज, स्वीकृतीचं पत्र, राजीनामा. दुसऱ्याला चौकशी, तक्रार, दावा, विक्रीपत्रं, ग्राहक तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज. सिद्धांताचा भाग, म्हणजे संवादाचे अडथळे वगैरे, एका संध्याकाळचं काम आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र मन लावून शिकावा. २००५ च्या कायद्याखालचा हा अर्ज १० रुपये शुल्कात जातो, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मुलं लिहितात, "आमच्या वॉर्डातला रस्ता अजून का झाला नाही?" ही माहितीची मागणी नाही, खुलाशाची आहे, आणि अशा अर्जाला हाती लागेल असं उत्तर येत नाही. तेच असं लिहा: "अमुक रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत, काम संपवण्याची मुदत आणि आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती मिळाव्यात." कागद मागितला की कागद मिळतो. हा फरक शिकवायला अर्धा तास लागतो आणि कॉलेजच्या भिंतीबाहेर तो पेपरातल्या दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कॉमर्सचा पेपर, फाउंडेशन आणि पर्यावरण यांना नोट्स चांगल्या असल्या की पुरे. कॉमर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरमधला सेवाक्षेत्राचा भाग वाचनीय आहे, एवढं म्हणू.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकं आणि वर्ग इंग्रजीत असले की आधीचे शब्द टाकून द्यायचा मोह होतो. टाकू नका. घसारा, तेरीज, ताळेबंद, ऋणको, धनको हे शब्द व्यवहार नेमके सांगतात. नावे आणि जमा यांत तर गणिताची दिशाच आहे: ज्याच्या नावे लिहिलं त्याच्याकडून येणं. वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने करून मराठी आणि इंग्रजी शब्द समोरासमोर लिहीत गेलं, की ऑक्टोबरपर्यंत वर्गातलं सगळं कळायला लागतं.

बी.एम.एस. किंवा बी.बी.ए. घ्यावं का, हा प्रश्न येतोच. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज अशा नावाने चालू ठेवला, त्याला ती सीईटी लागत नाही. म्हणून माहितीपत्रकातलं पदवीचं पूर्ण नाव वाचा, जाहिरातीतलं नाही. प्रेझेंटेशन आणि प्रोजेक्टचा सराव तिकडे जास्त असतो, हिशेबाची खोली बी.कॉम.मध्ये जास्त. सी.ए. करायचं असेल तर बी.कॉम.च बरं: साठ्याचं मूल्यांकन, अंतिम खाती, अपूर्ण नोंदी सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनलाही लागतात, आणि ती न देता पदवीनंतर थेट पुढच्या टप्प्याला, इंटरमीजिएटला जायचं तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के पुरतात, इतर बहुतेक पदवीधरांना ६० लागतात.

वर्षाच्या सुरुवातीला खरेदी करायच्या वस्तू मोजक्याच. अकाउंट्सच्या दोन फुलस्केप वह्या, आलेखकागद, बारा अंकी कॅल्क्युलेटर, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेला अभ्यासक्रम. त्यावर प्रत्येक घटकापुढे मागच्या पाच परीक्षांत किती मार्कांना काय आलं, ते पेन्सिलने लिहा. आणि कुठल्याही पेपरात टक्क्यांचं चिन्ह दिसलं की आकडेमोडीला हात घालण्याआधी त्याच्या डोक्यावर छोट्या अक्षरात लिहा: लागतीवर, विक्रीवर, थकबाकीवर, की जुन्या भावावर.